तंट्याची परतवारी



दिंडीच्या शताब्दीच्या ग्रंथात तुम्हीही चार पानं लिहा असं पंचमंडळी म्हणाली, तेव्हा मी आधी नकोच म्हणालो. माझं शिक्षण चौथी. पाठांतर आहे, लिखाण नाही. जे लिहीन ते बोलल्यासारखंच होणार. पण मग वाटलं, वाटचालीवर, मुक्कामांवर, जुन्या विणेकऱ्यांवर बाकीचे लिहितीलच. एक गोष्ट मात्र मी लिहिली नाही तर कुणीच लिहिणार नाही, कारण तिच्यातली चूक माझी होती. ती गोष्ट म्हणजे आपल्या दिंडीच्या खोलीच्या जागेचा दावा.

तो दावा खालच्या कोर्टात आपण जिंकलो होतो. वरच्या कोर्टानं तो पुन्हा खाली पाठवला. जास्तीचा पुरावा घ्या म्हणाले, आणि वर आपल्यालाच खर्च भरायला लावला. त्या दिवशी गावात दोन बातम्या पसरल्या. कुणी म्हणालं, दिंडी हरली. कुणी म्हणालं, समोरच्यानं पैसे चारले. दोन्ही खोटं होतं. पण खरं काय ते त्या वेळी मलाही सांगता येईना. नंतर वकीलसाहेबांच्या ओट्यावर बसून, जाणत्यांना विचारून, मुलाकडून वाचून घेऊन जे समजलं ते इथं मांडतो. आधी थोडा मागचा इतिहास, मग आपली कथा.

आपण वारकरी परतवारी जाणतो. पंढरीला जाताना लाखांचा मेळा असतो, येताना थोडी माणसं असतात आणि पाय जास्त दुखतात. दाव्याची परतवारी तशीच. फरक एवढाच, की इथं महाद्वारापर्यंत पोचलेल्या माणसाला सांगतात, ‘बाबा, तू घरी एक वस्तू विसरलास. ती घेऊन ये, मग बघू.’

पैठणची वाट

ही रीत इंग्रजानं आणली असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. आपल्या संप्रदायाच्या मुळाशीच अशी एक गोष्ट आहे. विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात आले म्हणून चारी मुलं वाळीत पडली. आईबापांनी देहांत प्रायश्चित्त घेतलं, तरी आळंदीच्या ब्रह्मवृंदानं मुलांना पदरात घेतलं नाही, आणि कायमचं नाकारलंही नाही. पैठणच्या पंडितांकडून शुद्धिपत्र आणा, असं सांगितलं. ती लेकरं आळंदीहून पैठणपर्यंत पायी गेली. तिथं रेड्याच्या मुखी वेद वदवले, आणि शके १२०९ साली, म्हणजे इसवी सन १२८७ ला, शुद्धिपत्र मिळालं, असं परंपरा सांगते. मी कीर्तनात ही कथा चाळीस वर्षं सांगतो आहे. दावा चालू झाल्यावर तिच्यातली एक बाजू नव्यानं दिसली. आळंदीकरांनी निकाल दिला नाही. आपल्याला पुरावा अपुरा वाटतो म्हणून पोरांना दुसऱ्या ठिकाणी पाठवलं. आणि त्या परत पाठवण्याचा सगळा भार पडला कुणावर, तर त्या अनाथ लेकरांवर. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट आपल्या सातारा जिल्ह्यातली, कराडजवळच्या मसूरची. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा अंमल होता. त्यानं १५८० ते १६२७ राज्य केलं. मसूरच्या पाटिलकीवरून जगदाळे आणि बापाजी मुसलमान यांच्यात तंटा लागला. गावच्या गोतसभेनं, म्हणजे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारची वतनदार मंडळी अशांच्या सभेनं, निकाल जगदाळ्यांकडून दिला. बापाजीनं बादशहाकडं तक्रार नेली, की गोतानं माझा धर्म बघून निकाल फिरवला. बादशहाही मुसलमानच. त्याच्या मनात असतं तर एका शिक्क्यानं पाटिलकी बापाजीला देता आली असती. त्यानं तसं केलं नाही. तंटा पुन्हा चौकशीला पैठणला पाठवला, हिंदूंच्या क्षेत्राला. पैठणकरांनी सगळं नव्यानं ऐकलं आणि निकाल तोच आला. पाटिलकी जगदाळ्यांची.

यात शिकण्यासारखं एवढंच. वरच्यानं प्रकरण परत पाठवलं म्हणजे खालच्यानं चूक केली असं नाही, आणि परत पाठवलेलं प्रकरण उलटंच फिरतं असंही नाही. मनात शंका राहू नये म्हणून दुसऱ्या जागी तपासलं. त्याला त्या काळी परस्थळ म्हणायचे. आपल्या गावची माणसं एका बाजूची आहेत असं वाटलं, तर माणूस परस्थळ मागायचा.

हरकी आणि गुन्हेगारी

शिवकाळात आणि पुढं पेशवाईतही तंटा चालवायची ठरलेली रीत होती. आधी दोघांकडून राजीनामा लिहून घ्यायचा. हा राजीनामा नोकरी सोडण्याचा नव्हे. सभा जो निवाडा करील तो आम्हांला राजी, असा कागद. मग दोघांनी जामीन द्यायचा. मग आपापली हकीकत लिहून द्यायची, तिला करिना म्हणत. मग साक्षी. साक्षीदार तुळस, बेलभंडार, गंगेचं नाहीतर कृष्णेचं पाणी हातात घेऊन बोलायचा. कागद नाही, साक्ष नाही, असं अगदीच अडलं तर दिव्य. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हातानं काढायचा, त्याला रवादिव्य म्हणत. हात भाजला की खोटा. आज अंगावर काटा येतो, पण पुरावा संपला की माणूस देवावर टाकत होता.

निकाल लागला की महजर व्हायचा. त्यावर सभेतल्या सगळ्यांच्या सह्या. लिहिता न येणारा आपल्या धंद्याची निशाणी काढायचा. पाटलाच्या नावापुढं नांगर असायचा. जिंकणाऱ्याला निवाडपत्र, आणि हरणाऱ्याकडून येजितखत, म्हणजे मी हरलो, पुन्हा या गोष्टीवरून कटकट करणार नाही, असं लिहून घ्यायचं. जिंकणाऱ्यानं सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्यानं गुन्हेगारी. म्हणजे दोघांचेही पैसे जायचे, आणि ते समोरच्याला मिळत नसत, सरकारात जात. माणसाची ऐपत आणि वतनाची किंमत बघून रक्कम ठरायची.

आपल्या भागाला न्यायाचा मान मोठा. रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर आंघोळ करून वाढलेला हा माणूस पुण्याला मुख्य न्यायाधीश झाला, आणि नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा दोष राघोबादादांच्या तोंडावर सांगून नोकरी सोडून निघून गेला. ती वेण्णा आणि कृष्णा आपल्याच महाबळेश्वरी उगम पावतात, हे सांगताना कीर्तनकाराची छाती जरा पुढं येते. माफ करा.

आणि तंटा वारीलाही चुकलेला नाही. तुकोबारायांच्या वंशजांमध्ये पालखीवरून वाद झाले, म्हणून साधारण १८३२ च्या सुमाराला माउलींची पालखी आळंदीहून वेगळी निघू लागली. ती काढणारे हैबतरावबाबा आपल्या सातारा तालुक्यातल्या आरफळचे. बाबांनी भांडत न बसता नवी वाट धरली. सगळ्यांनाच ते जमतं असं नाही.

इंग्रजी कायदा काय म्हणतो

१८१८ ला पेशवाई गेली. साताऱ्याला छत्रपतींचं राज्य राहिलं, तेही १८४८ ला खालसा झालं. मुंबई इलाख्यात १८२७ चे एलफिन्स्टनचे कायदे आले, १८६२ ला मुंबईला हायकोर्ट झालं. गोतसभेची जागा मुन्सफानं घेतली, परस्थळाची जागा अपिलानं घेतली. गोतसभेत माणसाची ओळख चालायची. नव्या कोर्टात कागद चालू लागला. आपल्या लोकांना हा फरक अजून पुरता पचलेला नाही. मला तर मुळीच पचला नव्हता.

प्रकरण परत पाठवण्याला वकील लोक रिमांड म्हणतात. गावात रिमांड म्हटलं की पोलीस कोठडीच आठवते, म्हणून मी फेरचौकशी म्हणतो. पहिल्यापहिल्यांदा कायद्यानं वरच्या कोर्टाचे हात बांधून ठेवले होते. १८८२ च्या दिवाणी कायद्यात असं होतं, की खालच्या कोर्टानं पुरतं न ऐकता एखाद्या सुरुवातीच्या मुद्द्यावरच, जसं की मुदत गेली, दावा निकालात काढला असेल, आणि वरच्या कोर्टाला तो मुद्दा चुकीचा वाटला, तरच पूर्ण दावा परत पाठवायचा. एरवी नाही. कारण उघड आहे. उठसूट परत पाठवत गेले तर तंटा कधी मिटायचाच नाही. आज चालतो तो कायदा १९०८ चा. त्यात १९७६ साली सुधारणा झाली आणि वरच्या कोर्टाला थोडी मोकळीक मिळाली, की निकाल रद्द करावा लागत असेल आणि पुन्हा चौकशी खरोखरच जरुरीची वाटली, तर परत पाठवता येईल.

वकीलसाहेबांनी मला बोटांवर मोजून समजावलं ते असं.

एक, पूर्ण दावा परत जातो. खालचा निकाल रद्द होतो आणि नव्यानं निकाल द्यावा लागतो. पण आधी झालेल्या साक्षी पुसल्या जात नाहीत, त्या पुराव्यात राहतात. अशा काही फेरचौकशांत अपिलाला लावलेला कोर्ट फीचा स्टॅम्प परत मिळतो, तो मागायला विसरू नये.

दोन, पूर्ण दावा परत जात नाही, एखादाच मुद्दा जातो. खालच्या कोर्टानं जो प्रश्न काढायलाच हवा होता तो काढला नाही, तर वरचं कोर्ट तो काढून देतं आणि म्हणतं, एवढ्यावर पुरावा घेऊन तुमचं मत आमच्याकडं पाठवा. अपील वरतीच थांबून राहतं.

तीन, जास्तीचा पुरावा. हा वाटेल तेव्हा देता येत नाही. खालच्या कोर्टानं घ्यायला हवा असताना घेतला नाही, किंवा खटपट करूनही त्या वेळी मिळाला नव्हता, किंवा त्याच्याशिवाय निकालच देता येणार नाही असं वरच्या कोर्टाला वाटलं, तरच. आणि का घेतला याची कारणं कोर्टाला लिहावी लागतात. ‘घरात होता पण आणला नाही’ हे कारण यात कुठंच बसत नाही.

चार, फेरचौकशीचा हुकूम चुकीचा वाटला तर त्यावर तेव्हाच अपील करावं. त्या वेळी गप्प बसलं तर पुढं तो हुकूम चुकीचा होता अशी ओरड चालत नाही.

तलाठी-सर्कलच्या बाजूलाही असंच आहे. फेरफाराची नोंद प्रांताकडं, कलेक्टरकडं अपिलात गेली तर तेही ‘आणखी चौकशी करा, पुरावा घ्या’ म्हणून खाली पाठवू शकतात. आपल्याकडं निम्म्या घरांनी सातबाऱ्यापायी ही परतवारी केलेली आहे.

घाटाखालचा दावा

पुराव्याचं मोल काय असतं ते बघायला लांब जायला नको. आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर, आणि पुढं महाड. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरात काही सवर्ण मंडळींनी महाडच्या कोर्टात दावा लावला, की तळं आमचं खाजगी आहे, आणि अस्पृश्यांनी तिथं न येण्याची चाल अनादि काळाची आहे. बाबासाहेब प्रतिवादी. कोर्टानं आधी तात्पुरती मनाई दिली, फेब्रुवारी १९२८ मध्ये ती उठवली. महाड, ठाणे आणि मुंबईचं हायकोर्ट, अशा तीन पायऱ्या चढत दावा मार्च १९३७ पर्यंत चालला. शेवटी हायकोर्टानंही फिर्यादींचं अपील फेटाळलं, कारण अनादि चाल त्यांना शाबीत करता आली नाही.

बघा माउली, तळ्याकाठच्या घरांत राहणारी, लिहिणारी-वाचणारी, पैशावाली माणसं. पण ‘आमच्या वाडवडिलांपासून असंच आहे’ एवढं म्हणून कोर्टात भागलं नाही. हाच न्याय पुढं आपल्यालाही लागणार होता, फक्त ते आपल्या ध्यानात आलं नव्हतं.

पंढरपूरचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. मंदिराच्या कारभाराची चौकशी करायला १९६८ साली नाडकर्णी आयोग बसला. १९७३ चा कायदा झाला. बडवे, उत्पात कोर्टात गेले. १९८५ ला कारभार समितीकडं आला, तरी दावे चालूच होते. सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल आला जानेवारी २०१४ ला. देवाच्या दाराशीसुद्धा कायदा होऊन चाळीस वर्षं गेली.

आपली खोली

आता आपलं. दिंडीचा पखवाज, वीणा, पताका, तंबू, मोठी पातेली जिथं ठेवतात ती खोली नव्या मंडळींना सिमेंटची दिसते. पूर्वी ती कुडाची होती. ती जागा गावातल्या एका माळकरी आजोबांनी दिंडीला दिली. दिली म्हणजे काय, तर एकादशीच्या कीर्तनात उभं राहून सांगितलं, ‘आजपासून ही जागा पांडुरंगाची.’ टाळ्या झाल्या, बुक्का लागला, नारळ फुटला. कागद झाला नाही. जमीन बक्षीस द्यायची तर नोंदणीचा दस्त लागतो, हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी आजोबांकडं कागद मागायची कुणाची छाती झाली नसती.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी महाबळेश्वर-पाचगणीकडच्या जमिनीला भाव आला. जिथं नाचणी आणि वरी पिकायची तिथं स्ट्रॉबेरी आली, बंगले आले. आजोबांच्या नातवानं दावा लावला, जागा माझ्या नावावर आहे, ताबा द्या. त्याचं खोटं नव्हतं. सातबाऱ्याला नाव त्याच्या घरचंच होतं. आम्ही पाच पंच प्रतिवादी.

वकीलसाहेबांनी मला विचारलं, ‘महाराज, दिंडीचा काही जुना कागद?’ दिंडीचं दफ्तर त्या वेळी माझ्याकडं होतं. पत्र्याची पेटी, माळ्यावर, भाताच्या कणगीमागं. तिच्यात जुन्या हिशोबाच्या वह्या होत्या, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या होत्या. मी म्हणालो, ‘साहेब, अख्खं गाव साक्षीला येईल, कागद कशाला?’ खरं सांगतो, पेटी उघडायचा कंटाळा केला. आणि मनात एक ताठाही होता, की देवाच्या कामाला कागद मागणारा हा कोण. आपले सगळ्यांत जुने विणेकरी, त्यांना सगळे आबा म्हणायचे, जागा दिली त्या कीर्तनाला स्वतः हजर होते. त्यांना त्रास नको, बाकीचे चौघे पुरेत, म्हणून त्यांची साक्षही काढली नाही.

खालच्या कोर्टात चौघांच्या साक्षी झाल्या आणि निकाल आपल्याकडून लागला. पेढे वाटले. नातवानं तीस दिवसांच्या आत जिल्ह्याच्या कोर्टात अपील केलं. तिथं त्याच्या वकिलानं एकच गोष्ट लावून धरली. तोंडी दान कायद्यानं टिकत नाही. मग दिंडी त्या जागेत कधीपासून आहे, आणि कोणत्या नात्यानं? मालक म्हणून, की मालकाच्या परवानगीनं? त्यावर मुद्दाच निघालेला नाही आणि पुरावाही नाही. हे ऐकल्यावर माझ्या पोटात खड्डा पडला. त्या रात्री कणगी सरकवून पेटी काढली. चाळीस वर्षांच्या वह्या निघाल्या. त्यांत कूड बांधल्याची मजुरी, कौलं, कुलूप, दरवर्षीची घरपट्टी, सगळं लिहिलेलं.

अपिलात अर्ज दिला, हे कागद घ्या. साहेबांनी विचारलं, आधी कुठं होते? वकीलसाहेब माझ्याकडं बघायला लागले. काय सांगणार? शेवटी हुकूम झाला. कागदांशिवाय न्याय करता येणार नाही, म्हणून ते घ्यावेत. ताब्याचा मुद्दा काढून दोन्ही बाजूंचा पुरावा घेण्यासाठी दावा खालच्या कोर्टात परत पाठवावा. आणि प्रतिवादींनी हे आधी आणलं नाही म्हणून वादीला खर्च द्यावा.

म्हणजे जिंकलेले आम्ही, आणि खर्च भरायचा आम्हीच. गाव चिडलं. पण शांतपणे विचार करा. माझ्या आळसापायी त्या पोराला वकिलाची फी, एसटीचे हेलपाटे, साक्षीदारांचा भत्ता, सगळं दुसऱ्यांदा करावं लागणार होतं. मघा माउलींच्या पैठणच्या वाटेबद्दल सांगितलं ना? परत पाठवण्याचा भार कुणावर, हा प्रश्न तिथंही होता. हा हुकूम निदान ज्यानं विसरलं त्याच्या खांद्यावर ओझं ठेवतो. जुनी हरकी-गुन्हेगारी सरकारात जायची. आताचा खर्च ज्याची पायपीट झाली त्याला मिळतो. मला हे बरं वाटतं, माझ्याविरुद्ध गेलं तरी.

तेवढ्या पैशांचं काही नव्हतं. ते मी माझ्या बटाट्याच्या पट्टीतून भरले, दिंडीच्या पेटीतून घेतले नाहीत. दुसरंच नुकसान मोठं झालं. फेरचौकशीची तारीख लागेपर्यंत आबा गेले. तो क्षण डोळ्यांनी पाहिलेला शेवटचा माणूस. पहिल्या खेपेला त्यांची साक्ष झाली असती तर ती पुराव्यात राहिली असती. आता ती कोणत्याही कोर्टाला परत आणता येणार नव्हती. शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेलो, तेव्हा आबांनी एवढंच विचारलं, ‘मला का न्हाई बोलवलं रं?’ मी उत्तर दिलं नाही.

फेरचौकशीत वह्या दाखल झाल्या. उलटतपासात मला विचारलं, ‘घरपट्टी तुम्ही भरत होता, पण जमिनीच्या उताऱ्यावर नाव लावायचा अर्ज कधी केला?’ नाही म्हणालो. खरंच कधी केला नव्हता. बाहेर आल्यावर वकीलसाहेब म्हणाले, निकाल कुणीकडंही झुकेल, आणि पुन्हा अपील होईलच. त्या वर्षी एक तारीख नेमकी प्रस्थानाच्या दिवसात आली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी लोणंदला दिंडीत सामील झालो, आळंदीपासून नाही. बरडच्या मुक्कामाला झोप येईना. वाटलं, जिंकून काय मिळवायचं? पोरगा ज्या घरचा आहे त्याच घरानं जागा दिली होती.

परत आल्यावर मी एकटा त्याच्या घरी गेलो. आधी पेटी उघडली नाही ही माझी चूक सांगितली. तो म्हणाला, ‘काका, माझ्या आजाचं नाव त्या खोलीवर कुठं आहे?’ खरंच कुठं नव्हतं. देणाऱ्याचं नाव आम्ही भिंतीवर एकदाही लिहिलं नव्हतं. पुढं लोकअदालतीत तडजोड झाली. पुढचं अंगण त्याला सोडलं, खोलीची जागा त्यानं नोंदणीच्या दस्तानं दिंडीला लिहून दिली. खोलीवर आजोबांचं नाव लागलं. तो आता वारीला येतो का? नाही. पण दिंडी निघते त्या दिवशी वेशीपर्यंत येतो. आणि आमच्यातला एक पंच ‘अंगण का सोडलं’ म्हणून रागावला, तो पुन्हा दिंडीत आला नाही. हेही लिहून ठेवतो, सगळं गोड झालं असं कुणाला वाटू नये.

पुढच्या शंभर वर्षांसाठी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं म्हणतात. पण पायरी आपल्याला बोलवते, आपण तिला बोलवत नाही. म्हणून तरुण माळकऱ्यांना चार गोष्टी सांगतो.

दान घेताना कागद करा. देणारा मोठ्या मनाचा असतो, पण त्याच्या नातवाचं मन आपण आज लिहून घेऊ शकत नाही. कागद मागणं म्हणजे अविश्वास नव्हे. तो देणाऱ्याचाच मान आहे.

पहिल्या कोर्टात सगळं ठेवा. अपील म्हणजे दुसरी पेरणी नव्हे. पहिल्या पेरणीचं पीक तिथं तपासतात. घरातला कागद, म्हातारा साक्षीदार, मोजणीचा नकाशा, जे आहे ते आधी. म्हाताऱ्याची साक्ष सगळ्यांत आधी.

दावा परत आला तर हरलो म्हणू नका, जिंकलो म्हणू नका. हुकूम वाचून घ्या. पूर्ण दावा आला की एक मुद्दा, कोणत्या तारखेला हजर व्हायचं, खर्च कुणी कधी भरायचा. तारीख लांबवल्याबद्दलचा खर्च ठरलेल्या दिवशी भरला नाही, तर पुढं आपलं म्हणणं मांडायलाच अडचण येते. आणि दावा मुळात खोटा, त्रास द्यायला लावलेला ठरला, तर साध्या दिवाणी दाव्यात ३,००० रुपयांपर्यंत भरपाईही बसते. रक्कम लहान आहे, पण कपाळावरचा शिक्का मोठा.

आणि जाण्यायेण्याचा खर्च धरा. पूर्वी हायकोर्ट म्हणजे मुंबई. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग एवढे जिल्हे त्याच्याकडं आले आहेत. वाट जवळ झाली ही चांगली गोष्ट. पण जवळ झाली म्हणून जास्त चालायची असं नाही.

आपल्या दिंडीचं दफ्तर आता लोखंडी कपाटात आहे. दरवर्षी कार्तिकी झाली की पंचांसमोर उघडतात, वह्या उन्हात घालतात, नवी पानं जोडतात. ती पद्धत मी लावली. लोक म्हणतात, महाराजांना कागदाचं फार वेड. त्यांना आबा माहीत नाहीत. ज्यांना माहीत होते त्यांच्यासाठी, आणि जे पुढं येतील त्यांच्यासाठी, हे लिहिलं. चुकलं माकलं असेल ते पदरात घ्यावं.

रामकृष्ण हरी.